आपले आपल्याला

घरात एखादी नवी वस्तू आणावयाची झाली म्हणजे तिच्याविषयी तीन प्रश्न हटकून विचारले जातात. किंमत काय, टिकेल किती, आणि शेजारच्यांनी घेतली ती कोणत्या बनावटीची? हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे दुकानदार मोठ्या तत्परतेने देतो. परंतु चौथा एक प्रश्न आहे. तो दुकानात कोणी विचारीत नाही, आणि वस्तू घरी आल्यावर मात्र तो रोज पुढे उभा राहतो. ही वस्तू वापरावयाची तर दर वेळी कोणाची परवानगी घ्यावी लागेल? जुन्या घरांत कोठीची किल्ली आजीच्या कमरेला असे. कोठीत काय आहे याला महत्त्व होतेच. पण आजीची मर्जी कशी आहे याला त्याहून अधिक महत्त्व होते. लाडवांचा डबा काठोकाठ भरलेला असूनही मुले रिकाम्या हातांनी परतत, ती याच कारणाने.

संगणकातील चित्रफिती दिवाणखान्यातल्या टेलिव्हिजनवर दाखविणारे एक लहानसे यंत्र निवडण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा या चौथ्या प्रश्नाचे महत्त्व मला विशेष जाणवले. अशा यंत्राला मीडिया प्लेअर म्हणतात. काडेपेटीपासून पानाच्या डब्यापर्यंत कोणत्याही आकारात ते मिळते. त्याचे काम सांगावयास अगदी सोपे आहे: आतल्या खोलीत जे साठविलेले आहे, ते बाहेरच्या खोलीत दाखवावयाचे. अंतर पंधरा पावलांचे. परंतु या पंधरा पावलांच्या वाटेवर किती नाकी आणि किती जकातदार बसले आहेत, याची कल्पना त्या वाटेने गेल्याखेरीज येत नाही.

साठविलेले काय होते ते आधी सांगितले पाहिजे. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी व्हीएचएसच्या काळ्या कॅसेटी पडलेल्या असतील. ही पद्धत १९७६ मध्ये जपानात निघाली. पुढे आपल्याकडेही लग्नामुंजीत भटजी आणि आचारी यांच्याबरोबर तिसरा अपरिहार्य माणूस म्हणून व्हिडिओवाला दिसू लागला. त्याच्या प्रखर दिव्यापुढे सगळे नातेवाईक डोळे मिचकावीत आणि घाम पुशीत उभे राहिले. हाच त्या काळच्या अर्ध्या महाराष्ट्राचा कौटुंबिक इतिहास होय. त्या कॅसेटी चालविणारी यंत्रे बनविणारा अखेरचा जपानी कारखानाही २०१६ मध्ये थांबला. तेव्हा फितींवरचे चित्र संगणकात उतरवून घेणे हे हौसेचे राहिले नाही, निकडीचे झाले. माझ्या घरी अशा अकरा कॅसेटी होत्या. दोन लग्ने, एक मुंज, बारशी, आणि कोकणातील आजोळच्या घरातला एक गणपती. ते घर आता दुसऱ्याचे आहे. त्या गणपतीपुढे टाळ वाजविणारा माझा धाकटा मामाही आता नाही.

या सर्व चित्रफिती आतल्या खोलीतील संगणकात सुखरूप जाऊन बसल्या. पण ज्या व्यक्तीसाठी हा खटाटोप केला, त्या माझ्या आईला कमरेच्या दुखण्यामुळे संगणकापुढच्या खुर्चीवर पाव तासाहून अधिक बसवत नाही. तिची जागा दिवाणखान्यात, उंच पाठीच्या खुर्चीत, टेलिव्हिजनपुढे. मग ती म्हणे, “तुला सवड असली म्हणजे जरा ती मुंज लावतोस का?” मी लावून देत असे. परंतु ‘सवड असली म्हणजे’ हे शब्द मनाला बोचत. जिने चाळीस वर्षे घर चालविले आणि त्या घरात कोणाची सवड कशी ती कधी पाहिली नाही, तिने स्वतःच्या भावाचा चेहरा पाहण्यासाठी मुलाची सवड मागावी, हे काही ठीक नव्हते. तिने मागावे आणि मी नाही म्हणावे असे कधी घडले नाही. पण मागणे टळले म्हणजे नकार टळल्यापेक्षा कितीतरी अधिक टळते. दहा वेळा मनात येऊनही माणूस दोनदाच मागतो. उरलेल्या आठ वेळा तो गप्प बसतो, आणि त्या आठ वेळांचा हिशेब कोणाकडेच नसतो.

पहिला उपाय कोणालाही सुचेल तोच: चित्रफीत पेनड्राइव्हवर घालून ती टेलिव्हिजनच्या पाठीत खोचणे. आमच्या टेलिव्हिजनला मुंज दिसली, पण ऐकू आली नाही. भटजींचे ओठ हलत होते, मंगलाष्टके मात्र मुकी. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. संगणकातील चित्रफीत म्हणजे एक डबा आणि त्यातला पदार्थ, अशा दोन निराळ्या गोष्टी असतात. एव्हीआय हा १९९२ सालचा डबा. मॅट्रोस्का, म्हणजे ज्याच्या नावाशेवटी एमकेव्ही ही अक्षरे असतात तो, २००२ सालचा. त्यांच्या आत चित्र आणि ध्वनी कोणत्या रीतीने आवळून बसविले आहेत, हा निराळाच प्रश्न. डीव्हीडीसाठी एमपीईजी-२ ही रीत होती. २००३ मध्ये एच.२६४ आली, २०१३ मध्ये एचईव्हीसी आणि २०१८ मध्ये एव्ही१. प्रत्येक नवी रीत तेच चित्र थोड्या जागेत मावविते. पण ते उलगडणाऱ्याला ती रीत ठाऊक असावी लागते. डबा ओळखीचा निघाला म्हणून आतला पदार्थ पचेलच असे नाही. शिवाय या प्रत्येक रीतीवर पेटंटांचे हक्क असतात किंवा कधी काळी होते. रास्पबेरी पाय नावाचा पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक २०१२ मध्ये निघाला, तेव्हा त्यात एमपीईजी-२ उलगडण्याची शक्ती होती, पण तिला कुलूप होते. ते उघडणारी किल्ली २ पौंड ४० पेन्सला निराळी विकत मिळे. आजीच्या कमरेची किल्ली निदान विकत घ्यावी लागत नसे!

जुन्या फितींची आणखी एक खोड आहे. आपल्याकडील पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असत. परंतु प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येई, आधी विषम क्रमांकाच्या ओळी, मग सम क्रमांकाच्या. जुना काचेच्या नळीचा टेलिव्हिजन तसेच चित्र रेखाटीत असल्यामुळे डोळ्याला काही कळत नसे. आजचा सपाट पडदा सर्व ओळी एकदम दाखवितो. म्हणून दोन्ही हप्त्यांची सांधेजोड कोणीतरी करावी लागते. ती नीट झाली नाही, तर धावणाऱ्या मुलाच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेषा उमटतात. दुकानातील पाटीवर ‘फोर-के’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. पण तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची मुंज तुमचे यंत्र कशी दाखवील, याविषयी ती पाटी काहीही सांगत नाही. नवे चित्र दाखविणे सोपे असते, कारण ते विकावयाचे असते. यंत्राची खरी परीक्षा जुन्या चित्राने होते.

मग मी बाजाराकडे वळलो. अ‍ॅमेझॉनचा फायर टीव्ही, अ‍ॅपलचा अ‍ॅपल टीव्ही, गूगलचा टीव्ही स्ट्रीमर अशी नामांकित यंत्रे तेथे आहेत. त्यांची मी निंदा करू इच्छीत नाही. ज्याला रोज नवे चित्रपट आणि मालिका पाहावयाच्या आहेत, त्याने यांपैकी एक घ्यावे आणि सुखी व्हावे. त्यांवर व्हीएलसीसारखा कार्यक्रम बसविला तर घरची चित्रफीतही दिसू शकते. पण त्यांचा स्वभाव मुळात दुकानाचा आहे. यंत्र सुरू करावे तो आधी कंपनीच्या खात्याची ओळख पटवावी लागते. मग जो पडदा उघडतो तो म्हणजे सजविलेली पेठ. आपल्या मामाकडे जावयाचे तर पेठेतून वाट काढीत, ‘हे पाहा, ते पाहा’ म्हणणाऱ्यांना चुकवीत, शेवटल्या गल्लीत जावे लागते. ऐंशीच्या घरातल्या बाईला ही वाट रोज कोण दाखविणार? म्हणजे पुन्हा माझी सवड आलीच.

परवानगीची गोष्ट केवळ खात्यापाशी संपत नाही. २०२५ च्या मार्च महिन्यात एक घटना घडली. गूगलचे क्रोमकास्ट हे छोटे यंत्र २०१३ मध्ये प्रथम आले आणि त्याची दुसरी आवृत्ती २०१५ मध्ये निघाली. या दुसऱ्या आवृत्तीच्या यंत्रांनी एके दिवशी चित्र स्वीकारणेच बंद केले. ती मोडली नव्हती. ‘हे यंत्र अस्सल आहे’ असे सांगणारे जे प्रमाणपत्र त्यांच्या पोटात घातलेले होते, त्याची दहा वर्षांची मुदत सरली होती. कंपनीने काही दिवसांत दुरुस्ती पाठविली आणि यंत्रे पुन्हा चालू लागली, हे सांगितलेच पाहिजे. पण तेवढे दिवस जगभरच्या कितीतरी घरांत धडधाकट यंत्र, धडधाकट टेलिव्हिजन आणि धडधाकट माणसे एकमेकांकडे पाहत बसली.

याच्या शेजारी दुसरी हकीकत ठेवून पाहावी. घरातल्या घरात एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला चित्र कसे पाठवावे, याचे सामाईक नियम ठरविण्यासाठी सोनी, इंटेल इत्यादी कंपन्यांनी २००३ मध्ये एक संघ स्थापला. पुढे तो डीएलएनए या नावाने ओळखला जाऊ लागला. २०१७ मध्ये तो संघ विसर्जित झाला. त्याची कचेरी उरली नाही. तरीही त्या नियमांवर चालणारा घरातला संगणक आणि टेलिव्हिजन आजही एकमेकांची भाषा समजतात, कारण बोलण्यापूर्वी त्यांना कोणाच्या कचेरीत जावे लागत नाही. संस्था मेली आणि काम चालू राहिले. उलट कंपनी जिवंत असून काम थांबले. या दोन हकीकतींत जो फरक आहे, त्यानेच माझी निवड ठरविली.

खुद्द व्हीएलसीची जन्मकथाही या ठिकाणी आठवण्यासारखी आहे. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात, एकोल सेंत्राल येथे, विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये व्हिडिओलॅन हा प्रकल्प आरंभिला. वसतिगृहाच्या जाळ्यातून टेलिव्हिजनचे चित्र प्रत्येकाच्या संगणकापर्यंत पोचवावे, हा त्याचा हेतू होता. २००१ मध्ये त्याची संहिता सर्वांना खुली झाली. तसेच कोडी. खेळाच्या एक्सबॉक्स यंत्रावर चित्रफिती पाहता याव्यात म्हणून २००२ मध्ये काही हौशी मंडळींनी तो कार्यक्रम लिहिला, आणि त्याचे आजचे नाव त्याला २०१४ मध्ये मिळाले. एम्बी नावाच्या कार्यक्रमाची संहिता झाकली जाऊ लागली, तेव्हा २०१८ च्या अखेरीस काही जणांनी तिची उघडी प्रत घेऊन जेलीफिन उभा केला. या सर्वांच्या मुळाशी एकच हट्ट दिसतो: आपल्याजवळ जे आहे ते आपल्याला पाहता आले पाहिजे.

शेवटी मी रास्पबेरी पाय घेतला. कुलुपाची गोष्ट आता जुनी झाली आहे. एमपीईजी-२ चे अमेरिकेतील शेवटचे पेटंट २०१८ मध्ये संपले, आणि अलीकडचे पाय इतके समर्थ आहेत की ते चित्र त्यांना सहज उलगडता येते. त्यावर लिब्रइलेक ही लहानशी प्रणाली बसविली. ती सुरू होताच थेट कोडीचा पडदा उघडतो. मध्ये पेठ नाही, खाते नाही. आतल्या खोलीतून बाहेर एक तार ओढली. बिनतारी जाळ्यावरही काम भागले असते, कारण आमच्या चित्रफितींना सेकंदाला सुमारे ८ मेगाबिट, म्हणजे तासाला साधारण साडेतीन गिगाबाइट एवढीच वाहतूक लागते. पण भिंती जाड आहेत, शेजाऱ्यांची जाळी दाट आहेत, आणि मंगलाष्टकात ‘सावधान’च्या आधीच चित्र अडखळले म्हणजे विरस होतो. तारेचा दुसरा लाभ असा की, झोपलेल्या संगणकाला तीमधून जागे करता येते. त्यासाठी जो संदेश जातो, त्यात त्या संगणकाचा जाळ्यावरचा पत्ता सोळा वेळा लागोपाठ लिहिलेला असतो. लहानपणी शाळेच्या दिवशी मला उठवावयास आईला साधारण तितक्याच हाका लागत. आता तेही काम यंत्राकडे गेले.

चित्र आणि ध्वनी वाहून नेणाऱ्या एचडीएमआय तारेतून एक गुपचूप संभाषणही चालते. त्यामुळे टेलिव्हिजनच्याच रिमोटने हे यंत्रही हलविता येते. आईच्या दृष्टीने सर्व खटाटोपातला हा सर्वांत मोठा भाग ठरला. खुर्चीच्या हातावर एकच रिमोट, त्याचे चार बाण आणि मधले एक बटण. तिला यंत्राचे नावही ठाऊक नाही, आणि ते ठाऊक असण्याचे कारणही नाही.

काम येथेच संपले असे मात्र नाही. चित्रफितींची नावे म्हणजे कॅसेट उतरविताना पडलेले आकडे होते, आणि आकड्यांच्या यादीत माणूस सापडत नाही. मी तारखेवारी नावे सुचविली. आईने ती मान्य केली नाहीत. तिला साल आठवत नव्हते असे नव्हे. पण तिच्या मनातली मांडणी सालाची नव्हतीच. तिने सांगितली ती नावे अशी: ‘अंगणातली मुंज’, ‘पाऊस आला ते लग्न’, ‘मामा टाळ वाजवतो तो गणपती’. मी ती तशीच लिहिली. ही नावे जगातला कोणताही कारखाना पुरवू शकला नसता.

एवढ्याने सर्व परावलंबन सरले, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. उघड्या संहितेचे यंत्र कोणाची परवानगी मागत नाही. पण मेहनत मागते. प्रणाली अधूनमधून नवी करावी लागते. साठवणीची तबकडी केव्हा ना केव्हा दगा देतेच, म्हणून सर्व चित्रफितींची दुसरी प्रत बहिणीच्या घरी ठेवली आहे. हे काम माझे, आणि मी नसेन तेव्हा दुसऱ्या कोणाला तरी ते शिकून घ्यावे लागेल. पण घराची डागडुजी करणे निराळे आणि घरात शिरताना दर वेळी दार ठोठावणे निराळे. पहिल्यात माणूस आपल्या वस्तूची काळजी घेत असतो; दुसऱ्यात ती वस्तू आपली आहे की नाही याचीच शंका असते.

कोणी म्हणेल की, मागण्याच्या निमित्ताने तरी आई मुलाला हाक मारीत होती. ते निमित्तही या यंत्राने हिरावून घेतले. ही शंका यंत्र जोडताना माझ्याही मनात होती. हाका कमी झाल्या नाहीत; त्यांचा सूर तेवढा पालटला. परवा दुपारी मी कामात होतो. बाहेरून टाळांचा आवाज आला आणि पाठोपाठ आईचा. “जरा ये इकडे. मामाच्या मागे खांबाला टेकून उभा आहे ना, तो कोण ते तुला ठाऊक नाही. मी सांगते.” सवडीचा उल्लेख त्यात नव्हता. मी हातातले काम ठेवून गेलो. तिने चित्र थांबवून ठेवले होते. खांबाला टेकलेल्या त्या माणसाची हकीकत अर्धा तास चालली, आणि तेवढा वेळ मामाचे टाळ हवेत तसेच उघडे राहिले.